आठ दिवसांतल्या चार गाड्या

ड्रिलबाई गाडीतून उतरल्या त्या मुठीत फ्यूज धरूनच. गाडी नीट लावण्याइतकाही धीर त्यांना नव्हता. पुढचं एक चाक फुटपाथवर, बाकीची तीन रस्त्यावर, अशी ती दुकानासमोर लंगडी उभी होती.

"वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे," त्या दारातूनच म्हणाल्या. "जुना फ्यूज काढायचा, हा घालायचा. माझा भाचा म्हणाला, मोठा घातला की उडायची कटकट कायमची मिटेल."

वहिनी स्टुलावर बसून एका दिव्याच्या वायरी जोडत होती. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि फ्यूज घेऊन उलटासुलटा करून पाहिला. शंभर अँपियरचा होता.

गाड्यांच्या वायरिंगचं ते दुकान लांबट आणि अरुंद होतं. एक गाडी पूर्ण आत यायची, दुसरी तोंड तेवढं घालायची. भिंतीला छतापर्यंत पत्र्याचे डबे, प्रत्येकावर आतल्या वस्तूचा नमुना तारेने बांधलेला. दुकान मूळचं सासऱ्यांचं. गिऱ्हाइकांनी तिला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हटलं, आणि आता तिच्या वयाच्या दुप्पट वयाचे लोकही तेच म्हणत. लग्नाआधी ती रेडिओच्या कारखान्यात वायरिंग करायची. तो कारखाना बंद पडल्यावर सासरेच म्हणाले होते, "घरात बसून काय करणार? चल माझ्याबरोबर." त्याला आता आठ वर्षं होत आली. नवऱ्याला मात्र बल्ब बदलायलाही हिचीच वाट पाहावी लागे, आणि तो ते चारचौघांत हसत सांगे.

"जुने किती उडाले?" वहिनीने विचारलं.

"महिन्याभरात तीन."

"गाडी उभी असताना, की चालती असताना?"

"चालती. खड्ड्यात आदळली की गाणं बंद."

"आणि मैदानावर वाजवता तेव्हा?"

तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण शिट्टी अजून गळ्यात होती. वाचनालयामागच्या मैदानावर रोज संध्याकाळी पाच वाजता त्या साठेक म्हाताऱ्या माणसांकडून व्यायाम करून घेत. गाडीची डिकी उघडायची, आतले मोठे स्पीकर लावायचे आणि तासभर गाण्याच्या ठेक्यावर हात वर, हात खाली.

"मैदानावर कधीच नाही उडाला," त्या म्हणाल्या. "तासभर दणदणीत वाजतं."

वहिनीला हवं ते उत्तर मिळालं. भार जास्त झाला असता, तर फ्यूज मैदानावरच उडाला असता. हा खड्ड्यात उडत होता. म्हणजे काहीतरी हलत होतं आणि हलून कशाला तरी टेकत होतं.

"हा फ्यूज मी नाही बसवणार," ती म्हणाली आणि तो ड्रिलबाईंच्या हातात परत दिला.

"का? चांगला नवाकोरा आहे."

"फ्यूजचा दोष नाहीच. बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत जी जाड वायर गेलीय, ती कुठेतरी सोललीय आणि गाडीच्या पत्र्याला लागतेय. लागली की फ्यूज जळतो आणि वीज बंद करतो. ते त्याचं कामच आहे. शंभरचा घातला की तो नाही जळणार, वायर जळेल. आणि ती वायर तुमच्या पायाखालच्या गालिच्याखालून गेलेली आहे."

ड्रिलबाई दुकानाच्या दारात उभ्या होत्या, तरी त्यांनी नकळत एक पाय उचलला.

"आता अकरा वाजलेत," वहिनी म्हणाली. "पाचला तुम्ही मैदानावर असाल. आत बसा."

"नक्की?"

"मी सांगतेय ना."

हे ती ज्या सुरात म्हणाली त्या सुरापुढे लोक फारसं बोलत नसत. ड्रिलबाईंनी गाडी आत घातली, किल्ली दिली आणि मागच्या बाकाकडे वळल्या. तिथे बाबा, म्हणजे वहिनीचे सासरे, मांडीवर ताट घेऊन स्क्रू निवडत बसले होते. उंच, काटक, सत्तरीच्या आसपासचे. बोटांच्या चिमटीत स्क्रू धरायचा, अंगठा फिरवायचा, डब्यात टाकायचा. बघायचे नाहीतच. गिऱ्हाइकं कौतुक करत की म्हाताऱ्याची बोटं काय तयार आहेत, न बघता माप ओळखतात.

"तुम्ही काम सोडलंत म्हणे," ड्रिलबाई शेजारी बसत म्हणाल्या.

"मान," बाबा म्हणाले. "दोन वर्षं झाली. डॅशबोर्डखाली वाकवत नाही."

"मान माझ्याकडे लागली," ड्रिलबाई म्हणाल्या, आणि परवानगीबिरवानगीच्या भानगडीत न पडता त्यांनी ताट बाजूला ठेवून बाबांचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

वहिनी हसत बॉनेटकडे वळली. तिने सगळ्यात आधी बॅटरीची वजा बाजू सोडवली आणि वायरचं टोक फडक्यात गुंडाळून लांब सारलं. कितीही घाई असली तरी हे पहिलं. मग जाड वायर हातात धरून ती तिच्या मागोमाग निघाली.

काम पाहून तिला बरं वाटलं. फ्यूज बॅटरीपासून वीतभरावरच होता. पुढची वायर नालीदार पाइपात घातलेली, इंजिनाच्या तापणाऱ्या भागापासून लांबून नेलेली, चार चार बोटांवर बांधलेली. उगाच सैल नाही, उगाच ताणलेली नाही. ज्याने हे केलं त्याला कामाची जाण होती. मग ती वायर इंजिन आणि माणसं बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यापाशी पोचली, तिथे पत्र्याला भोक पाडलेलं होतं, आणि त्या भोकाला रबरी कडं नव्हतं.

तिने छोटा आरसा आत सारला, टॉर्च लावला. कडं होतं, पण भोकात नव्हतं. वायरीवरून घसरून बोटभर खाली गेलं होतं आणि सैल बांगडीसारखं लोंबत होतं. गाडी हलली की वायर पत्र्याच्या उघड्या कडेवर घासली जात होती. वरचं प्लास्टिक कापलं गेलं होतं. आत तांब्याच्या तारा चमकत होत्या.

ती आतल्या बाजूने गेली, चालकाच्या सीटपुढे पाठ टेकून डॅशबोर्डखाली शिरली आणि गालिचा सोलला. खालच्या नमद्यावर नाण्याएवढा काळा डाग पडला होता. तिने नाक जवळ नेलं. जळका वास.

"जरा इकडे. आता तिकडे. दुखतं?" बाहेरून ड्रिलबाईंचा आवाज येत होता. "इथे? इथे पण नाही? अहो, मान लोण्यासारखी फिरतेय तुमची! माझ्या वर्गातल्या साठीच्या पोरींची अशी फिरत नाही. कोण म्हणालं मान धरलीय?"

बाबा काहीतरी पुटपुटले.

वहिनीने ऐकलं आणि सोडून दिलं, कारण तिचं लक्ष वायरीवर होतं. पत्र्यापासून थोडं पुढे वायरीवर टेप गुंडाळली होती, आणि टेपेचं टोक सुटू नये म्हणून वर मेण लावलेला दोरा बांधला होता. दुहेरी गाठ, टोकं तांदळाच्या दाण्याएवढी कापलेली.

ती तशीच पडून राहिली. सगळ्या शहरात असा दोरा बांधणारा एकच माणूस होता. तिला ती गाठ त्यानेच शिकवली होती, आणि ती मात्र घाईत नुसती टेप लावून मोकळी होई म्हणून तिला बोलणीही त्यानेच दिली होती.

"बाई," तिने खालूनच विचारलं, "ही गाडी तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"वर्ष झालं. माझ्या मोठ्या भावाची. तो मुलीकडे राहायला गेला, गाडी मला देऊन गेला. स्पीकर त्यानेच बसवून घेतले होते. कुठे ते मला नाही माहीत. का? सापडलं का?"

"सापडलं."

"कोण होता तो गाढव?"

वहिनी बाहेर आली. हाताला लागलेली धूळ पुसण्याच्या निमित्ताने तिने दोन क्षण काढले. दोन वर्षांपूर्वी तिची आई आजारी होती. ती आठ दिवस माहेरी राहिली होती. त्या आठ दिवसांत दुकानात बाबा एकटे होते. एरवी भोकातून वायर ओवणं, कडं बसवणं ही डॅशबोर्डखालची कामं तिच्याकडे असत. ती परत आली त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं की मान धरली, आता तूच बघ. दुकानाच्या किल्ल्या तिच्यासमोर ठेवल्या होत्या. तिला तेव्हा किती अभिमान वाटला होता!

नमद्यावरचा डाग तिने पाहिला होता. गाठही पाहिली होती. पण सांगायचं कुणाला आणि कसं? ड्रिलबाईंना माहीत नव्हतं. माहीत व्हायची गरजही नव्हती. वायर बदलली, काम नीट झालं, की विषय संपला.

"मिस्त्री," बाबा बाकावरून म्हणाले. किल्ल्या दिल्या त्या दिवसापासून ते तिला याच नावाने हाक मारत. "टेपेवर दोरा आहे का?"

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते. चेहरा जरासा बाजूला, तिच्या खांद्याकडे वळलेला होता.

"आहे," ती म्हणाली.

"गाठ?"

कामाबद्दल ती त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. "दुहेरी," ती म्हणाली.

बाबा उठले. गाडीपाशी आले, बॉनेटच्या कडेला हात लावून अंदाज घेतला आणि आत वाकले. मान अजिबात अडली नाही. हात वायरीवरून पुढे पुढे सरकत गेला, पत्र्यापाशी थांबला, भोकाच्या कडेवरून फिरला. मग त्यांच्या बोटांना ते लोंबणारं कडं लागलं. त्यांनी ते वायरीवर फिरवून पाहिलं.

"मोठं आहे," ते म्हणाले. "मी एक माप मोठं घातलं. आणि कड्याची खाचही पत्र्यात नीट बसली नव्हती." ते सरळ झाले. "बाई, तो गाढव मी."

ड्रिलबाईंचं तोंड उघडं पडलं. मग त्यांनी ते मिटलं. शाळेत तीस वर्षं काढल्यामुळे चूक कबूल करणारं माणूस समोर आलं की काय करायचं हे त्यांना ठाऊक असावं.

"चूक कुणाची ते कळलं," त्या म्हणाल्या. "आता दोघांनी मिळून दुरुस्त करा. पाचला माझी माणसं येतात. त्यातली निम्मी एकदा बसली की उठत नाहीत, म्हणून मी वेळेवर लागते."

"बाबा," वहिनी हळू आवाजात म्हणाली, "मान दुखत नव्हती ना कधी?"

"नाही."

"डोळे?"

"उजव्याने धुकं दिसतं. डाव्यानेही आता तसंच व्हायला लागलंय. तेव्हा वाटलं, चष्म्याचा नंबर असेल. मग त्या आठ दिवसांत एकट्याने काम करताना कळलं की नंबर नाही. भोकाची कड दिसेना. हाताने केलं. वाटलं, जमलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी मला इथे येऊ दिलं असतं?"

घरात नवरा, सासू, दीर, सगळे मिळून त्यांना आरामखुर्चीत बसवून मोकळे झाले असते, आणि त्यात तीही असती. राग तिला आला होताच. पण त्या रागाला आता जागा नव्हती, गाडी समोर उघडी पडली होती.

"डॉक्टरकडे उद्या जायचं," ती म्हणाली. "आज कानस घ्या."

जुनी वायर तिने टोकापासून टोकापर्यंत काढून टाकली. ड्रिलबाईंनी विचारलं की तेवढ्याच जागी टेप लावून चालणार नाही का, तर सून आणि सासरा एकदमच "नाही" म्हणाले. नवी वायर तिने एक माप जाड घेतली. फ्यूज मात्र आधीसारखा साठचाच. तो वायरीच्या जाडीवर ठरतो, स्पीकर किती दणकट आहेत त्यावर नाही, हे तिने ड्रिलबाईंना वायर आणि फ्यूज शेजारी शेजारी धरून सांगितलं, म्हणजे भाच्यालाही सांगता येईल.

भोकाची कड बाबांनी हाती घेतली. गोल कानस आत घालून ते हळूहळू फिरवत राहिले, मध्येच बोट लावत, पुन्हा घासत. बोटाला गुळगुळीत लागलं तेव्हा त्यांनी कापसाचा बोळा मागितला आणि तो कडेवरून फिरवला. कापसाचा एक तंतू अडकला. त्यांनी पुन्हा कानस चालवली. दुसऱ्यांदा बोळा फिरला तो तसाच्या तसा बाहेर आला.

"बोट फसतं," ते म्हणाले. "कापूस नाही फसत. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं."

उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून वहिनीने कडेला रंगाचा हात दिला. तो वाळेपर्यंत तिने कड्यांचा डबा पुढे सरकवला. बाबांनी एक कडं चिमटीत धरलं, ठेवलं, दुसरं धरलं. मग तिसरं निवडून तिच्या हातात दिलं. "बघ."

तिने पाहिलं. बरोबर होतं.

बारा वाजून गेले होते. ड्रिलबाईंनी जेवणाचा डबा उघडला, तिघांनी हातातल्या हातात काहीबाही खाल्लं, आणि वहिनी पुन्हा डॅशबोर्डखाली शिरली.

"सोडा," ती आतून म्हणायची. बाबा बॉनेटमधून वायर पुढे ढकलायचे. "थांबा. अजून. बस." वायर कड्यातून घट्ट, कुरकुरत आत आली. तिने हाताने कडं चारही बाजूंनी दाबून पाहिलं, खाच पत्र्यात बसल्याचं बोटाला कळलं, तरी आरसा लावून डोळ्यांनीही पाहिलं.

आता पुढचा रस्ता. डॅशबोर्डखाली सगळ्यात सोपी वाट पेडलांच्या मागून जाते. तिथे मोकळी जागा असते, आणि म्हणूनच अर्धे लोक वायर तिथून नेतात. वहिनीने वायर कडेच्या भिंतीला लावून नेली, दोन ठिकाणी बांधली आणि मग ब्रेक, क्लच, अॅक्सिलरेटर तिन्ही हाताने तळापर्यंत दाबून पाहिले. वायर कशालाच शिवत नव्हती. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. तेही मोकळं.

"त्या पिवळ्या नळीतल्या वायरी कसल्या?" ड्रिलबाई आता दारातून डोकावत होत्या.

"एअरबॅगच्या. त्यांच्या वाटेला जायचं नाही. आपली वायर त्यांना बांधायची नाही, त्यांच्यावरून न्यायची नाही."

"आणि ही?"

"ही आवाजाची. ती दुसऱ्या बाजूने गेलेली आहे, तशीच राहू दे. दोन्ही शेजारी शेजारी नेल्या की गाण्यात इंजिन गुणगुणायला लागतं."

दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी तिने अलगद उचकटली आणि वायर तिच्याखालच्या खोबणीत बसवली. सीटचे बोल्ट जिथे खाली उतरतात तिथून ती दोन बोटं लांब ठेवली. सीट पुढे-मागे सरकवून पाहिली. मागच्या सीटखालून वायर डिकीत निघाली तेव्हा तीन वाजले होते.

डिकीत स्पीकरांना ताकद देणारा अॅम्प्लिफायर होता. त्याची पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर बाबांनी चाचपली आणि नाक मुरडलं. "हीपण माझीच. पण ही बरी आहे." खाली रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळलेली होती, आखूड होती, हलत नव्हती. तरी वहिनीने बोल्ट पुन्हा आवळला. सगळ्या जोडण्या झाल्यावर तिने मीटर लावून पाहिलं की जाड वायर आणि पत्रा यांच्यात कुठेही संबंध उरला नाहीये. मग फ्यूज बसवला, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीची वजा बाजू.

टेपेच्या टोकावर दोरा तिनेच बांधला. दुहेरी गाठ. बाबांनी तो हाताने तपासला आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढी शाबासकी पुष्कळ होती.

चाचणीला तिघंही गेले. वहिनीने शहरातला सगळ्यात वाईट रस्ता निवडला, मालधक्क्याच्या मागचा, आणि एकही खड्डा सोडला नाही. मागच्या सीटवर ड्रिलबाई छताला डोकं आपटून घेत होत्या आणि गाणं दणदणत होतं. अर्ध्या तासाने तिने गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि वायरीवर तळहात ठेवला. गार होती. फ्यूजची डबीही गार.

"झालं," ती म्हणाली.

पावणेपाचला ड्रिलबाई मैदानाकडे निघाल्या. जाताना त्यांनी खिडकीतून शिट्टी फुंकली, त्यामुळे समोरचा सायकलवाला गोंधळून रस्त्याच्या कडेला थांबला.

दुकानात दोघंच उरल्यावर बाबा बाकावर बसले, पण स्क्रूंचं ताट त्यांनी घेतलं नाही.

"अजून तीन आहेत," ते म्हणाले.

वहिनीलाही तेच विचारायचं होतं, पण त्यांनीच म्हणावं म्हणून ती थांबली होती. "कोणत्या?"

"सोमवारी ही. मंगळवारी जनावरांच्या डॉक्टरची जीप. शुक्रवारी पावाच्या भट्टीची गाडी. शनिवारी स्टँडवरचा हसरा टॅक्सीवाला. चारही गाड्यांत मीच भोक पाडलं, मीच कडं बसवलं."

"बोलावून घेऊ."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," वहिनी म्हणाली. "आपण आज बोलावलं तर म्हणतील, दुकानदाराने स्वतःहून बोलावलं. उद्या एखाद्याच्या गाडीत धूर निघाला तर म्हणण्यासारखं बरंच असेल." तिने फोन उचलला. "आणि फोनवर मीच सांगते की दुकानाची चूक आहे. तुमचं नाव नाही घेणार."

"घे," बाबा म्हणाले. "दुकान म्हणजे तू झालीस आता. तू केलं नाहीस, तर तुझ्या नावावर कशाला?"

जनावरांचा डॉक्टर त्याच संध्याकाळी आला. जीपमध्ये एक बांधलेलं वासरू होतं, ते सगळा वेळ वहिनीचा कोपर चाटत राहिलं. कडं अर्धं निसटलं होतं, पण वायर अजून शाबूत होती. पाऊण तासात काम आटोपलं. भट्टीची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे पाव वाटून झाल्यावर आली, आणि तिच्यातलं कडं असं घट्ट बसलेलं निघालं की वहिनीला ते पक्कडीनेही हलवता येईना. बाबांनी ते तीन वेळा चाचपलं. तिसऱ्या वेळी गरज नव्हती, पण वहिनीने चाचपू दिलं.

टॅक्सीवाला मात्र फोनवर हसला. "दोन वर्षं झाली, काही झालं नाही. आता काय होणार?"

"आम्ही स्टँडवर येतो," वहिनी म्हणाली. "तुम्हाला कुठे यायला नको, भाडंही बुडायला नको. पंधरा मिनिटं बॉनेट उघडू द्या."

साडेनऊला दोघं स्टँडवर पोचली. अकराची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ तिने आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवली होती. टॅक्सीवाला गाडीला टेकून उभा होता, बाकीचे चालक गंमत बघायला जमले होते. वहिनीने बॅटरी सोडवली आणि बाबांना पुढे केलं. त्यांनी हात आत घातला, क्षणभर थांबले आणि बोट बाहेर काढून टॅक्सीवाल्यापुढे धरलं. बोटाला काजळी होती.

टॅक्सीवाल्याने वाकून आत पाहिलं. वायरीवरचं प्लास्टिक पत्र्यापाशी वितळून आक्रसलं होतं. त्याने हात आत घालायला पुढे केला आणि मागे घेतला. हसणं कुठल्या कुठे गेलं.

"मागच्या सीटवर रोज शाळेची मुलं असतात," तो म्हणाला.

"म्हणूनच आलो," बाबा म्हणाले. "चूक माझी होती. आता सगळी वायर नवी टाकायची. दुपारी दुकानात घेऊन या. तोवर गाणी बंद. ही वायर बॅटरीपासून सोडवून ठेवतोय, टॅक्सी खुशाल चालवा."

वहिनीने वायर सोडवली, टोक टेपेने गुंडाळून बांधून टाकलं आणि बॅटरी पुन्हा जोडली. टॅक्सीवाल्याने स्वतःहून मागचं दार उघडलं. "कुठे जायचंय? सोडतो."

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, वाट पाहायला लावली, यंत्रावर हनुवटी टेकवून बराच वेळ पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात चांगलाच पिकलेला. एकामागून एक दोन्हींचं ऑपरेशन करता येईल, आणि व्यवस्थित दिसू लागेल, असं त्या म्हणाल्या. पहिल्याची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. "एवढे दिवस अंगावर का काढलंत?" त्यांनी विचारलं. बाबांनी सुनेकडे तोंड वळवलं. उत्तर त्यांचं त्यांनी द्यायचं होतं.

"काम सुटेल असं वाटलं," ते म्हणाले.

बाहेर आले तेव्हा थेंबांमुळे त्यांना सगळंच पांढरं दिसत होतं. ऊन वर आलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी वहिनी थांबली आणि कोपर पुढे केला. आठ वर्षांत बाबांनी तिचा हात कधी धरला नव्हता, रस्ता ओलांडतानाही नाही. या वेळी त्यांनी धरला.

"चार पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "शेवटची जरा उंच आहे."

"दिसतेय मला," बाबा म्हणाले. एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. "नाही दिसत. सांगत राहा."